हळदीच्या पाण्याचं मडकं

आमची बंदूक स्वयंपाकाच्या खोलीत असायची. हे मी सावेडीतल्या आमच्या सोसायटीच्या बायकांना सांगितलं की त्या चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहतात, आणि मला त्यांची मोठी गंमत वाटते. अहो, ठासणीची बंदूक ती! नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी घालायची, लोखंडी गजानं ठासायची, मागं ठिणगी पाडणारी इवलीशी तांब्याची टोपी बसवायची, आणि मग कुठं एक बार उडणार. तो उडेस्तोवर डुक्कर शेत खाऊन, ढेकर देऊन निघून गेलेलं असायचं. ओल लागली की ती रुसायची, म्हणून चुलीच्या उबेला मागच्या भिंतीत दोन खुंट्यांवर तिची जागा होती. दारूचं शिंग मात्र घराच्या पार दुसऱ्या टोकाला फडताळात, विस्तवाचं वारंही लागणार नाही असं. पहाटे आई भाकरी थापायला बसली की जाळाचा उजेड त्या काळ्या नळीवर वरखाली हलायचा, आणि गोधडीत पडल्या पडल्या मला वाटायचं, ही पण आत्ताच जागी झालीय. खर्ड्याकडच्या त्या आमच्या गावातलं घर अजूनही डोळे मिटले की मला आधी त्या उजेडात दिसतं. माणसं नंतर येतात.

बंदूक आबांची, म्हणजे माझ्या वडलांची. पिकाच्या राखणीचा परवाना त्यांच्या नावावर होता. गावात अशा बंदुका तीन घरांत होत्या, पण बाकी दोघींच्या नळ्या आतून गुळगुळीत आणि आमच्या बंदुकीच्या नळीत पिळाच्या खाचा. करंगळी घातली की त्या खाचा बोटाला लागायच्या. त्यांच्यामुळं गोळी फिरत फिरत पण सरळ जाते, असं आत्या सांगायची. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण, गया. चाप ओढायचे आबा, पण बार भरायची ती. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. ठासणीच्या बंदुकीत अर्धा नेम भरणाऱ्याचा असतो, हे आबा चारचौघांत कबूल करायचे. दारू मापून ओतायची, जुन्या धोतराच्या फडक्याची चकती घ्यायची, तिला लोण्याचं बोट लावायचं, तिच्यात शिशाची गोळी ठेवून नळीच्या तोंडाशी दाबायची आणि मग गज. गज ती दमानं खाली सारायची, मान वाकडी करून, कान देऊन. शेवटी तो हलकाच आपटून बघायची. टणकन वर उडाला की म्हणायची, "बसली बया." तो आवाज मला आजही कुठल्याही भांड्याच्या आवाजातून वेगळा काढता येईल.

आत्याचं लग्न झालं होतं. बरीच वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि ज्या दिवशी दुसरी माप ओलांडून आत आली त्याच दिवशी आत्या आपली पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन सीना नदीकाठच्या सासरच्या गावाहून चालत आमच्याकडे आली. रडली नाही म्हणे. पाणी मागितलं, प्यायली, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाली, "दादा, बंदूक गंजलीया की." तेव्हापासून ती आमच्यातच. मी तेव्हा परकर नेसून नाक ओढत फिरायची. पुढं मी साडी नेसायला लागले तरी आत्याच्या अंथरुणातच झोपत होते. तिच्या केसांना तिळाच्या तेलाचा आणि थोडा गंधकाचा वास यायचा. मला तो आवडायचा, काय करणार! अत्तरवाल्याकडं मिळत नाही म्हणून सोडून दिलं.

आईचं आणि आत्याचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. निमित्त बहुतेक वेळा लोणी. "माझं लोणी त्या सटवीच्या घशात जातंय," आई म्हणायची. सटवी म्हणजे बंदूक. "तुमच्या ताकाला लोनी कमी, त्येला बंदूक काय करंल?" आत्या म्हणायची. मग आई भांडी आपटायची, आत्या जात्यावर बसून मुद्दाम मोठ्यानं ओव्या म्हणायची, आणि आबा हळूच पायतान घालून शेताकडं सटकायचे. हुलग्याचे शेंगुळे करायचे म्हटलं तरी दोघींचं एकमत नाही. आईचे शेंगुळे जाड, आत्याचे करंगळीपेक्षा बारीक. एकाच पातेल्यात दोन्ही शिजायचे, आणि मी कुणाचे आधी खाते यावर दोघींचा डोळा. गावानं आपलं ठरवून टाकलं होतं, की नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे आणि नणंद जाईल तर भावजय देवाला नारळ फोडील. गावाला काय, दुसऱ्याच्या घरातलं सगळं कळतं.

आता ती रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दसऱ्याला शिलंगणाच्या वेळी आमच्या गावाच्या शिवेवर मडकं टांगायचे. कुंभाराकडचं नवं, चुन्यानं पांढरं केलेलं, आत हळदीचं पाणी. ओढ्याच्या पलीकडच्या बाभळीला ते लोंबायचं आणि अलीकडच्या काठावरून तिन्ही घरांनी बार काढायचा. एका घराला एकच बार. ज्याच्या गोळीनं मडकं फुटेल त्याला त्याची बहीण तिथंच ओवाळायची आणि काय हवं ते मागायची, आणि त्यानं ते द्यायचं. देवाच्या पालखीपुढं मागितलेलं, नाही म्हणायचं नाही. वरच्या आळीच्या तात्यांच्या बहिणीनं एकदा त्यांची दुभती म्हैस मागितली होती. तात्या तिथंच ओढ्यात बसून रडले, पण म्हैस गेली. आमच्या आत्यानं एका साली आबांची तंबाखू मागून घेतली. आबांनी बायकोचं, वैद्याचं, कुणाचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी चंची ओढ्यात सोडली आणि पुढं महिनाभर बैलांवर ओरडत होते.

त्या वर्षी भाद्रपदात आत्याचा सासरा आला. दुष्काळात खडी फोडायची कामं निघाली त्याच्या आदलं साल ते. पाटलांच्या रेडिओवर सीमेपलीकडून येणाऱ्या निर्वासितांच्या बातम्या सांगायचे आणि माणसं ओट्यावर बसून ऐकायची. म्हातारा थकलेला होता. दुसरी सून आजारी, पदरात लहान लेकरं, घरात करणारं कुणी नाही. त्यानं डोक्याची टोपी काढली आणि आबांच्या पायाशी ठेवली. आबा गडबडून उठलेच. वडलांच्या वयाचा माणूस, डोळ्यांत पाणी. "दसऱ्याला धाडतो," आबा म्हणून गेले. शब्द गेला तो गेला. त्या पिढीत माणूस शेत सोडील पण शब्द सोडायचा नाही. सासरा गेल्यावर आबांनी आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "दादा म्हनतील तसं." आई तर पाठमोरी होऊन शेण सारवत राहिली. मी मात्र सरळ आबांकडं गेले आणि म्हणाले, "मडकं फोडा. मंग ती मागंल आन तुमाला द्यावंच लागंल." आबांच्याही मनात तेच होतं. मडकं फुटलं असतं तर शब्द मोडला असता तो रीतीनं मोडला असता, आबांनी नव्हे. तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी तोंडानं काढायचं नाही: मडकं फुटलं तर आत्या राहील, नाहीतर दसऱ्याच्या दुपारी गाडीत बसेल.

मग सुरू झाल्या त्या दुपारी. माझ्या आयुष्यात किती दुपारी आल्या आणि गेल्या, कापड दुकानाच्या रांगेत गेल्या, दवाखान्याच्या बाकड्यावर गेल्या, पण दुपार म्हटलं की मला ओढ्याच्या त्याच आठवतात. पाऊस सरत आला होता. तरवड पिवळा फुललेला, कुसळीचं गवत कमरेइतकं, ओढ्याला घोट्याएवढं पाणी आणि ते इतकं निवांत वाहायचं की थांबलंय असं वाटावं. पलीकडच्या दरडीला आबा जुनं गाडगं लावायचे. आत्या दगडावर बसून बार भरायची. चकती, लोणी, गोळी, गज, टणकन. आबा दस्ता खांद्याला लावायचे आणि मग सगळं थांबायचं. होल्यांचं घुमणंसुद्धा थांबल्यासारखं वाटायचं. घोडा पडला की आधी टोपीचा आवाज, मग धाडकन बार, आणि पांढऱ्या धुराचा ढग पाण्यावर जाऊन बसायचा. वारा नसला तर तो तिथंच तरंगत राहायचा, हळूहळू निळा व्हायचा, बाभळींच्या शेंड्यात अडकायचा. त्या धुरातून पलीकडचं गाडगं दिसेपर्यंत आम्ही तिघं काही न बोलता वाट बघायचो. ती वाट बघण्यातच मला सुख वाटायचं. मडकं नाही, दसरा नाही, असंच बसून राहावं, आत्याच्या मांडीला मांडी लावून, नाकात गंधक, असं वाटायचं.

धूर विरायचा आणि गाडगं तिथंच असायचं. आबा चुकत होते. कधी हातभर उजवीकडं, कधी खाली दरडीत माती उडायची. जो माणूस उडतं पारवं टिपायचा, त्याला बसलेलं गाडगं लागेना. "दारू नवी हाय जनू," आबा म्हणायचे. आत्या गज पुसत म्हणायची, "दारू तीच हाय. तुमचं मन थाऱ्यावर न्हाई. ह्या बयेला समदं कळतं, चाप वडताना हात का कापला त्ये बी." एकदा आबांनी वैतागून बंदूक माझ्या हातात दिली. मी आधीही दोन-चारदा उडवली होती, लपून नव्हे, आत्यानंच शिकवली होती. नळीच्या टोकावरची माशी कशी बघायची, श्वास कुठं सोडायचा, चाप बोटाच्या टोकानं कसा ओढायचा. खांद्याला असा दणका बसला की मी गवतात बसले, आणि धूर गेल्यावर बघतो तो गाडग्याचे तुकडे! आत्या टाळ्या पिटत नाचली. आबा हसले, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही, कारण दसऱ्याला मी चालणार नव्हते. बार परवानाधारकानंच काढायचा, भावानंच.

आमच्या नातीला आता शाळेत एअर रायफल शिकवतात. कागदावरच्या काळ्या टिकल्या मारते आणि मला फोनवर दाखवते. चांगलंच आहे, पण धूर नाही हो त्यात. मारलं की लगेच कळतं लागलं का नाही.

नवरात्र बसलं. घटाला माळा चढल्या, आईनं कडाकण्या तळून फुलोऱ्याला बांधल्या, घरभर तुपागुळाचा वास. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. दरवर्षी बंदूक आत्या पुजायची. त्या साली नेमका सप्तमीला तिला कावळा शिवला आणि ती गोठ्याकडच्या पडवीत बाजूला बसली. मग पूजा आईकडं आली. आईनं बंदूक पाटावर ठेवली, दुधापाण्यानं पुसली, आणि हळद-कुंकू असं वाहिलं म्हणता! एरवी जिला सटवी म्हणायची तिच्यापुढं आई डोळे मिटून कितीतरी वेळ हात जोडून बसली होती. ओठ हलत होते. ओल्या कुंकवाची बोटं तिनं दस्त्याला लावली, नळीला लावली, घोड्याला लावली, आणि टोपी बसवायचं जे बारीक बोंड असतं, ज्याच्या भोकातून आग आत जाते, त्यालाही भरभरून लावली. त्या भोकाला आम्ही बंदुकीचा कान म्हणायचो. पडवीतून आत्या ओरडली, "वैनी, जपून गं!" आई म्हणाली, "देवाचं करताना जपून काय करायचं?" आणि पुजलेली बंदूक मडक्याआधी वाजवायची नाही, अशी रीत. एरवी आत्या भरण्याआधी एक रिकामी टोपी उडवून कान साफ आहे का बघायची. त्या दिवशी तेही चालणार नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी आत्या न्हाऊन घरात आली तोवर तिचा धाकटा दीर बैलगाडी घेऊन दारात हजर. गाडीत कडबा पसरून वर नवी सतरंजी घातलेली. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोला. चहा घेतला, बैलांना पाणी दाखवलं आणि आत्याला म्हणाला, "वैनी, उन्हं कलायच्या आत निघू." आत्यानं पेटी भरली. मी दाराला टेकून बघत होते. दोन लुगडी, आरसा, फणी, आणि शिसं ओतायचा साचा. साचा ठेवला आणि परत काढून कोनाड्यात ठेवला. मग घाईघाईनं बार भरायला बसली. लोणी आईनं न मागता आणून दिलं, वाटीभर. आत्यानं कानावरचं कुंकू बघितलं. मी पण बघितलं, लाल टिकला झाला होता. तिचं बोट पुसायला पुढं गेलं आणि तिथंच थांबलं. "शकुनाचं कुंकू," ती म्हणाली, "सवाष्णीनं लावल्यालं. त्ये पुसत न्हाईत." वरवरचं असेल असं तिला वाटलं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं कुंकू पुसायला कचरावं, यावर मी नंतर आयुष्यभर विचार केला आहे, आणि अजून मला राग येतो आणि रडूही येतं.

ओढ्याच्या काठावर सारा गाव लोटला होता. पालखी आपट्याखाली टेकवलेली, डफ वाजत होता, बायका ओवाळायची ताटं घेऊन एका बाजूला उभ्या. ऊन असं सोनेरी पडलं होतं की पलीकडचं पांढरं मडकं आतून पेटल्यासारखं दिसत होतं, आणि वाऱ्यानं हलकंच गोल फिरत होतं, या बाजूला, त्या बाजूला. आधी पाटलांच्या मुलानं बार काढला. बाभळीची एक फांदी पडली. मग तात्या. त्यांची गोळी कुठं गेली ते तात्यांना आणि देवाला ठाऊक. आदल्या साली ज्यानं फोडलं तो शेवटी, म्हणून आबा शेवटी. आत्या ताट घेऊन उभी होती. निरांजनाला तिचा हात आडवा धरलेला. मी तिच्या शेजारी, आई माझ्या मागं. मला आईचा श्वास मानेवर लागत होता.

आबांनी दस्ता खांद्याला लावला, आणि मी बघितलं, त्या दिवशी हात हलत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हलत नव्हता. नळी दगडासारखी स्थिर. मला वाटलं, झालं, फुटलंच. त्यांनी चाप ओढला. टोपी फट् करून फुटली, आणि पुढं काही नाही. धूर नाही, दणका नाही. मडकं तिकडं आपलं गोल फिरतंय.

"दादा, नळी खाली करू नका!" आत्या किंचाळली. उशिरानंही पेटतो कधीकधी बार. आबा तसेच धरून उभे राहिले, घामानं भिजलेले, खूप वेळ. नाहीच उडाला. लोक कुजबुजायला लागले. पाटील पालखीपाशी हात जोडून म्हणाले, "बार फुसका गेला. औंदा देवानंच राखलं मडकं." झालं. एका घराला एकच बार. आबांनी मान खाली घातली. मी वळले आणि सगळ्यांदेखत आईला म्हणाले, "तुझ्या कुंकवानं झालं हे! तुझ्या कुंकवानं!" आईचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

भरली बंदूक शिवेतून गावात आणायची नाही, ती रिकामी करायची, आणि ते काम भरणाऱ्याचं. आत्यानं ताट आईच्या हातात दिलं. बाभळीचा काटा मोडून घेतला, बंदुकीचा कान टोकरला. आतून कुंकवाचा सुकलेला लाल खडा निघाला. दारूचे चार दाणे कानात सोडले, नवी टोपी बसवली आणि बंदूक उचलली. सगळे बघत होते. मडकं समोरच होतं, तिला ते लागलं असतं. डोळे झाकून लागलं असतं. मी मनात ओरडत होते, मार, मार. पण तिनं नळी खाली केली, ओढ्याच्या दरडीत, जिथं रिकामी करायची रीत आहे तिथंच, आणि चाप ओढला. असा बार मी त्याआधी कधी ऐकला नाही. स्वच्छ, भरीव, डोंगरापर्यंत जाऊन परत आला. काठावरच्या प्रत्येकाला कळलं की बार चांगला भरलेला होता आणि आबांचा हातही स्थिर होता. धूर पाण्यावर उतरला आणि मडकं दिसेनासं झालं.

त्या धुरातून आई पुढं गेली. हातात ते ताट. मला आधी वाटलं, चक्कर येऊन तिचा तोल जातोय. ती आबांसमोर उभी राहिली, पदर सावरला आणि सरळ ओवाळायला लागली. "मागायचा मान भैनीचा, ठावं हाय मला," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "मडकं फुटलं न्हाई, त्ये बी दिसतंय. तरी मी मागते. वन्संला धाडू नका."

आत्याचा दीर हसत म्हणाला, "आवं ताई, मडकं तर धडधाकट हाय की." थोडे लोक हसले.

"मडकं ऱ्हाऊ द्या मडक्याच्या जागी. मी मानसाचं बोलते."

"बाई, ही रीत न्हाई," पाटील म्हणाले. रागावून नव्हे, समजावून.

"न्हाई तर न्हाई. रीत न्हाई म्हनून तोंड शिवून बसू व्हय?" आईचे डोळे वाहत होते आणि ताटातलं निरांजन हलत होतं. "इतके दिस बोलले न्हाई. 'ऱ्हाऊ द्या' म्हनलं तर लोक म्हनत्याल फुकट राबायला ठिवली, 'धाडा' म्हनलं तर म्हनत्याल भावजयीनं हाकलली. म्हनत्यात तर म्हनू द्या. मला त्या घरात पायजेत."

आबांनी आईवरची नजर वळवली. आत्या अजून बंदूक धरून उभी होती, नळीतून धुराची बारीक रेघ निघत होती. "गया," आबा म्हणाले, "तुला जायाचंय का?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. सासऱ्यानं नाही, आबांनी नाही, आईनं नाही, आणि इतकी तिची लाडकी मी, मीही नाही. आम्ही शिसं ओतलं, लोणी घातलं, नवस बोललो, दुपारच्या दुपार गाडग्यावर बार काढले, आणि जो प्रश्न कुठल्याही सकाळी चुलीपाशी विचारता आला असता तो विचारायला गावाची शीव गाठावी लागली. आत्यानं खाली बघितलं. मग वर बघितलं.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "मला न्हाई जायाचं."

आबा दिराकडं गेले. त्याचा हात हातात घेतला. "पाव्हणं, शब्द मी दिला हुता. जायाचं तिला हुतं, आन म्या इचारलंच न्हाई. चूक माजी. तुमच्या बापाला मी सवता येऊन सांगतो, टोपी त्यांच्या पायावर ठिवतो. आता चला, पुरनपोळी खाऊन जावा." दिरानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पाटलांनी आपट्याची पानं त्याच्या हातात ठेवली. सोनं घेतल्यावर माणूस भांडणार तरी कसा?

तो जेवला, पोटभर जेवला. आत्यानंच वाढलं. दुसरीच्या लेकरांची नावं विचारली, आणि फुलोऱ्याच्या सगळ्या कडाकण्या उतरवून फडक्यात बांधून गाडीत ठेवल्या, सतरंजीवर, जिथं तिनं बसायचं होतं तिथं. गाडी निघाली. आम्ही तिघी दारात उभ्या होतो. चाकांचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी कुणी आत जाईना. ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि नेहमीच्या खरखरीत आवाजात म्हणाली, "वैनी, एक सांगून ठिवते. फुडच्या साली बंदुकीची पूजा तुमी करायची न्हाई."

आई तिच्याकडं न बघता म्हणाली, "म्हंजे फुडच्या साली तुमी हितंच हाय तर!"

"हाय की," आत्या म्हणाली, आणि दोघी बंदूक धुवायला पाणी तापवायचं म्हणून आत गेल्या.